तौतेचा कोरा ठसा

१

ओर्सोलाचं पत्र आलं तेव्हा ईस्टरच्या आधीचे उपास चालू होते. ऑलिव्हची काढणी सुरू झाली तरी एर्मेते कोलांतोनी मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र काही मोठं नव्हतं. "सर, तो ठसा तुम्ही तुमच्या हातांनी घेतला होता. ओळीच्या शेवटचं अक्षर कोणतं होतं, एवढंच लिहा. आठवत नसेल तर तसं लिहा. पण काहीतरी लिहा."

मास्तर रोज सकाळी कागद पुढे ओढत, 'प्रिय ओर्सोला' लिहीत आणि थांबत. पुढे काय लिहायचं? बोटाला 'स' लागल्यासारखा वाटला होता, हे? पण तेव्हा ते कॉलेजात शिकणारं पोरगं होतं, हात गारठले होते, आणि त्यांचा स्वतःवर कधीच फारसा भरवसा नव्हता. आयुष्यभर लॅटिन शिकवूनही फळ्यावर एखादं रूप लिहिलं की ते चोरून पुस्तकात बघत. अशा माणसाच्या आठवणीवर कुणाची नोकरी टांगायची?

आणि नोकरीच टांगलेली होती. कास्तेल्मारुनोच्या, म्हणजे मास्तरांच्याच गावच्या, चर्चच्या घंटाघराच्या पायात एक जुना दगड बसवलेला होता. या डोंगरांत लॅटिन यायच्या आधीची भाषा, उजवीकडून डावीकडे कोरलेली एकच ओळ. मास्तरांनी तरुणपणी त्याचा कागदी ठसा घेतला होता: जाड कागद भिजवायचा, दगडावर बसवायचा, कुंचल्याने ठोकत अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि वाळला की सोलून काढायचा. पुढे भूकंप झाला. घंटाघर कोसळलं, दगड ढिगाऱ्यात गेला तो गेलाच. मागे राहिला एक अंधुक फोटो आणि जिल्ह्याच्या गावातल्या भाषा-संस्थेच्या खणातला तो ठसा.

शेवटच्या अक्षरावरून संस्थेत वाद पेटला, तेव्हा समितीने तो खण उघडला. आत कागद होता. कोपऱ्यात नोंदही होती. पण कागदावर एकही अक्षर उमटलेलं नव्हतं. इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट.

खणाच्या चाव्या दोघांकडे, संचालकांकडे आणि तिथेच काम करणाऱ्या ओर्सोलाकडे. वाद ओर्सोलाने काढलेला. ठसा तिच्या विरुद्ध बोलणार होता म्हणून तिने तो पळवून कोरा कागद ठेवला, असं ठरायला समितीला वेळ लागला नाही. तिला घरी बसवलं.

काढणीच्या दिवसांत एकदा मास्तर पाल्मीराच्या तंबाखूच्या दुकानात काड्यापेटी घ्यायला गेले. गावातली बातमी, टपालाची तिकिटं आणि मीठ तिथेच मिळे.

"मास्तर, तुमच्या त्या पोरीचं महिनाअखेरीला ठरणार म्हणे," पाल्मीरा म्हणाली. "कायमची काढणार. माझी भाची तिथं झाडू मारते, तिनं सांगितलं."

"कोण पोरगी?" मास्तरांनी उगाच विचारलं.

"कोण पोरगी! जिच्या पत्राचा लखोटा मी तुमच्या हातात दिला, ती. उत्तराचं तिकीट घ्यायला अजून आला नाहीत तुम्ही."

मास्तर काड्यापेटी न घेताच बाहेर पडले, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने जिल्ह्याच्या गावी गेले.

२

"कोलांतोनी! जिवंत आहेस तर!" संचालक मास्त्रांजेलोंनी दोन्ही हात पसरले. "मला वाटलं पुस्तकांची फळी अंगावर पडून गेलास कधीच. बस. कॉफी?"

"ठसा बघायचा होता," मास्तर म्हणाले.

"ठसा कसला, कागद म्हण. कोरा कागद."

"तो तरी."

मास्त्रांजेलोंनी एक उसासा टाकला. मास्तर मार्चपासून तीनदा फोन करून 'काही नाही, सहज केला' म्हणून ठेवून देत आले होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या मागच्या भिंतीवर कोशाचं मुद्रित चिकटवलेलं होतं आणि त्यात मधोमध तो शब्द होता: 'तौता'. डोक्यावर तारा. जो शब्द त्या रूपात कुणी लिहिलेला सापडलेला नाही, पण असलाच पाहिजे अशी त्याची सगळी पोरंबाळं साक्ष देतात, त्याच्या डोक्यावर भाषावाले असा तारा काढतात. लॅटिनच्या जुन्या शेजाऱ्यांत ऑस्कनांचा 'तौतो', उंब्रियनांचा 'तोता', समुद्रापलीकडे आयरिशांचा 'तूअथ': सगळ्यांचा अर्थ लोक, जमात, अख्खं गाव. एकट्या लॅटिनने तो टाकून दिला.

"मी चाळीस वर्षं या एका शब्दावर घालवली," मास्त्रांजेलो म्हणाले. "धातू कुठला? फुगणं, बळ धरणं. वेदातला 'तवस्' बघ, बलवान. माणसं जमली की बळ येतं, म्हणून तौता. इतकं सरळ आहे. आणि आपल्या दगडावर त्याची चतुर्थी. 'तौताइ', म्हणजे लोकांना. लोकांना वाहिलेला दगड. छान, धार्मिक, शांत."

"ओर्सोला षष्ठी म्हणते."

"'तौतास'. लोकांचा! तिच्या मते ही कुरणाची हद्द आहे. देवाला-बिवाला काही वाहिलेलं नाही, मालकी सांगितलेली आहे. म्हणे हा शब्द नुसत्या गर्दीचा नाही, जमीन धरून बसणाऱ्या जमातीचा आहे, म्हणून त्याचं मूळही नव्याने तपासा. माझा अख्खा लेख फाडायला निघाली होती पोरगी."

"आणि तुला ते चालणार नव्हतं."

मास्त्रांजेलोंचा चेहरा उतरला. "तू मला विचारतोयस? विचार. सगळे मनातल्या मनात विचारतातच. कोलांतोनी, मला तो ठसा हवा होता रे! त्या 'इ'वर बोट ठेवून तिला गप्प करायचं होतं. 'इ' म्हणजे उभी रेघ, 'स' म्हणजे तीच रेघ दोनदा मोडलेली. आंधळ्याला कळेल. आता मरेपर्यंत लोक म्हणणार, म्हाताऱ्याने पुरावा खाल्ला."

ते खोटं बोलत नव्हते. मास्तरांना त्यांचा राग यायला हवा होता, तोही येईना. त्यांची अधिकच चिडचिड झाली.

कागद टेबलावर आला. मास्तरांनी तो खिडकीकडे धरला. खालच्या कडेला तेलाचे डाग होते, उजेड आरपार जाणारे.

"हे बघ," मास्त्रांजेलो म्हणाले. "बाई टेबलावर बसून पाव-तेल खायच्या. सगळ्यांनी पाहिलंय. अदलाबदल करतानाचा डाग! समितीला तेवढं पुरलं."

मास्तरांनी डागावर बोट फिरवलं. तंतूंत काळे खरखरीत कण अडकले होते. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या नोंदीवर गेली. गावाचं नाव, घंटाघराची दक्षिण बाजू, आणि खाली ए. को. त्यांचंच अक्षर. शेपटी उडवलेला 'को' अजूनही ते तसाच काढत.

"ही नोंद खोटी आहे असं म्हणता तुम्ही सगळे?"

"उत्तम नक्कल. रंगसुद्धा तोच, कॉपिंग पेन्सिलचा जांभळा."

मास्तरांनी कागद खाली ठेवला.

"मास्त्रांजेलो, कॉपिंग पेन्सिल जांभळी लिहीत नाही. राखाडी लिहिते. ठसा पूर्ण वाळल्यावर मी ही नोंद केली होती, ती राखाडी होती." त्यांनी नोंदीवर बोट टेकवलं. "ती जांभळी होते फक्त पाणी लागलं तर."

३

म्हणजे कागद बदललेलाच नव्हता. तोच होता, आणि कुणीतरी तो भिजवला होता. भिजवलेला ठसा सगळं विसरतो. तंतू फुगतात, खाचा भरून येतात, आणि दगडाने कागदाला शिकवलेलं एका बादलीत जातं.

"तरी काय फरक पडला?" मास्त्रांजेलो दारापर्यंत येत म्हणाले होते. "पळवला नाही, भिजवला. समिती म्हणेल तिनेच भिजवला."

बसमध्ये मास्तर तेच घोळवत बसले. छत गळलं असतं तर शेजारचे ठसेही गेले असते. ते कोरडे ठणठणीत होते. बरं, नष्टच करायचा तर फाडावा, शेगडीत घालावा. भिजवायचा, सपाट वाळवायचा आणि मुकाट जागेवर नेऊन ठेवायचा, हा कुठला द्वेष? कागदाची इतकी काळजी कुणाला?

काळजी म्हटल्यावर त्यांना एकच माणूस आठवला. एलीजिओ गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत संस्थेत जुने कागद दुरुस्त करायचा. आता गावात खुर्च्या विणत बसे. तो पाल्मीराचा भाऊ, पण बहिणीच्या वाटणीला आलेली जीभ त्याच्याकडे अजिबात नव्हती.

"एलीजिओ, एक विचारू?"

"विचारा मास्तर. उत्तर येईलच असं नाही."

"ठसा मुद्दाम पाण्यात कोण घालेल?"

एलीजिओने वेताची काडी दातात धरली. "गाढव."

"आणि गाढव नसेल तर?"

"मग कशाला घालेल?" त्याने काडी ओवली. "थंडी वाढली नाही यंदा. ऑलिव्ह पिकलेत पण भरलेले नाहीत."

"मी ठशाचं विचारतोय."

"मी ऑलिव्हचं सांगतोय."

मास्तर उठले. या गावात कुणाला काही विचारलं की माणसं हवामानात शिरत. भूकंपानंतर तर जास्तच. सरकारी माणसांनी इतके प्रश्न विचारले होते की सगळ्यांची उत्तरं संपली होती.

दारातून वळताना एलीजिओचं वाक्य त्यांच्या कानात पुन्हा वाजलं. मग कशाला घालेल? ते जागच्या जागी थबकले. एका कारणासाठी घालतात की! जुना ठसा सैल पडला, अक्षरं बुजायला लागली, तर तो हलकासा ओलवून पुन्हा त्याच दगडावर बसवतात. खाचा खाचांना सापडतात आणि कागद ताजा होतो. त्यांना हे एलीजिओनेच दाखवलं होतं, एका थडग्याच्या दगडावर. त्याखेरीज या धंद्यातला माणूस ठशाला पाण्याचा थेंब लागू देत नाही.

म्हणजे ज्याने कागद भिजवला, त्याच्यासमोर तेव्हा दगड होता.

घंटाघराखाली गाडला गेलेला दगड कुठेतरी शाबूत होता.

४

"दगड?" फादर बेर्नार्दो म्हणाले. "कुठला दगड?"

भूकंपानंतर चर्च लाकडी खोलीत भरे. मागच्या बाजूला फादरांची शेगडी. त्यांनी पावाचे तुकडे निखाऱ्यावर धरले होते.

"घंटाघराचा. ढिगारा गेल्या वर्षी उपसला ना? तेव्हा तुम्ही तिथे होतात."

"मी सगळीकडे असतो. लसूण चोळू?"

"फादर, दगड निघाला होता का?"

"दगडच तर निघाले, मास्तर. घंटाघर काय चीजचं होतं?" त्यांनी पावावर तेलाची धार धरली. "नवं तेल. पहिलं. खा, मग बोला."

"एका मुलीची नोकरी चाललीये. तिला चोर ठरवलंय."

फादरांचा हात थांबला. "ती लांब केसांची? जी इथं येऊन म्हाताऱ्यांना कुरणांची जुनी नावं विचारायची?"

"तीच."

"तिला चोर म्हणतात?" फादर खरोखर हबकले होते. "आम्हाला वाटलं प्रोफेसर लोकांचं आपापसातलं काही..." आणि त्यांनी झटक्यात तोंड मिटलं. "खा हो. गार होतंय."

आम्हाला. मास्तरांनी तो शब्द टिपला, पण पुढे विचारायचा धीर झाला नाही. समोरच्या माणसाला अडचणीत आणलं की त्यांना स्वतःलाच घाम फुटे. त्यांनी निमूट पाव खाल्ला. तेल मनगटावरून ओघळलं, ते रुमालाने पुसलं, आणि स्वतःच्या बावळटपणावर चरफडत ते बाहेर आले.

उजेडात त्यांनी रुमाल घडी करायला उघडला. तेलाचा डाग स्वच्छ होता. उजेड आरपार, हिरवट, आणि नितळ. एक कणही नाही.

त्या कागदावरच्या डागात तर कण होते. काळे, खरखरीत.

ते मागे फिरले. "फादर, पावावरच्या तेलात चोथा का नसतो?"

"नसतोच. ते निवळून घेतलेलं असतं. चोथ्यासकट तेल उडतं ते फक्त..." फादर बोलता बोलता थांबले आणि निखारे ढोसू लागले.

"फक्त कुठे?"

"मास्तर, तुम्ही शिकलेला माणूस. कशाला त्या घाणीत जाता?"

मास्तरांना आता विचारायचं काही उरलं नव्हतं. ओर्सोलाच्या पावावरून असा डाग पडूच शकत नव्हता. तो ठसा गेल्या काढणीच्या दिवसांत गावाच्या तेलघाण्यात गेला होता.

५

घाणा सगळ्या गावाच्या मालकीचा होता. भूकंपात पडला नाही तो तेवढाच. दुपारची वेळ, आत उकडत होतं, चाकं घरघरत होती, जमिनीवर पेंडीचा काळा चिखल. अर्धं गाव पोती घेऊन पाळीला बसलं होतं. मास्तर आत आले आणि बोलणं बंद पडलं. फादर त्यांच्या मागोमाग धापा टाकत आले, यावरूनच सगळ्यांना काय ते कळलं असावं.

"मास्तर, खुर्ची देते," पाल्मीरा पुढे झाली.

"नको. इथे बसतो." भिंतीपाशी तागाच्या पोत्यांचा ढीग होता, त्यावर ते टेकले.

"तिथं नका बसू! थंडी बाधेल."

"इथे? भट्टीशेजारी?"

कुणी हसलं नाही. मास्तरांनी पोत्यांखाली हात घातला. हाताला गार, गुळगुळीत चुनखडी लागली. मग एक खाच. दुसरी. बोटांनी उजवीकडून डावीकडे चालत ते एकेक अक्षर ओळखत गेले; अर्ध्या खाचा जुन्या चुन्याने भरलेल्या होत्या.

"ठसा कोणी भिजवला?" त्यांनी न वळता विचारलं.

चाकं कुणीतरी बंद केली.

"मी," एलीजिओ कोपऱ्यातून म्हणाला. "माझी जुनी चावी परत मागायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"तू! तू ज्याला गाढव म्हणालास तो..."

"तो मीच." तो पुढे आला. "दगड खोदाईच्या यंत्राखाली निघाला. माती, चुना, काही वाचता येईना. नुसताच कुठला चौथऱ्याचा दगड असता तर लपवायचं कशाला? म्हणून ठसा आणला, ओलवला आणि बसवला. मास्तर, असा बसला! हातमोज्यात हात जावा तसा. म्हटलं आता इथंच वाळू द्यायचा, आणखी पक्का होईल."

"मग?"

"मग ढिगाऱ्याची मोजणी करणारा सरकारी माणूस अंगणात उभा राहिला," पाल्मीरा म्हणाली. "तेलाचा वास आला म्हणून! पाव मागायला! हा घाबरला आणि ओला कागदच ओढून काढला."

"कोटाखाली घातला," एलीजिओ म्हणाला. "घरी जाऊन उलगडला तर काही नव्हतं. वाळवला. ठेवून आलो. वाटलं कोण बघतंय त्याच्याकडे."

मास्तर भिंतीला धरून उठले. त्यांना ओरडायचं होतं, पण त्यांचा आवाज कधी मोठा होत नसे. "आणि ती पोरगी? मार्चपासून ती घरी बसलीये. तुम्हाला माहीत होतं?"

"नोकरीवरनं वाद आहे एवढंच ऐकलं होतं," एलीजिओ म्हणाला. "चोरी म्हणतात हे..." त्याने बहिणीकडे पाहिलं. पाल्मीराने नजर चुकवली.

"मला होतं माहीत," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला सांगितलं. मला वाटलं तुम्ही काहीतरी लिहाल तिच्या बाजूने आणि मिटेल. आमचं नाव न घेता."

"खरं न सांगता कसं मिटेल?"

"खरं सांगितलं तर दगड जाईल!" आता सगळेच एकदम बोलू लागले. एक म्हातारा काठी आपटत होता. "घंटा नेली दुरुस्तीला, परत आली? चर्चमधली मेरी नेली, परत आली? संग्रहालयात काचेमागे बसलीये, तिकीट काढून बघायची! हा पण न्यायचा?"

"पाडलं ते भूकंपानं, नेलं ते सरकारनं. आमच्याकडे राहिलं काय? घाणा आणि हा."

"मास्तर, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला शाळेत," पाल्मीरा म्हणाली, "की त्या दगडावर आपल्या जुन्या लोकांनी लिहिलंय. अख्खं गाव, असा शब्द आहे. मग लिहिलंय ना त्यावर, की हा गावाचा आहे म्हणून? दाखवा ते सरकारला!"

मास्तर पुन्हा खाली वाकले. पोती बाजूला सारली. शेवटच्या अक्षराकडे जाताना त्यांना आपला गारठलेला तरुण हात आठवला, आणि त्यांचं बोट एकदम रिकाम्या जागेत गेलं. दगडाचा डावा कोपरा नव्हता. तुटलेली कड पांढरीशुभ्र होती, ताजी.

"कोपरा कुठाय?"

"यंत्राच्या दाताखाली गेला," एलीजिओ खालच्या आवाजात म्हणाला. "चुरा झाला. शोधला मी. चाळणीनं चाळलं."

मास्तर पेंडीच्या चिखलात मटकन बसले.

"मास्तर! काय झालं? पाणी आणा!"

"लिहिलेलं असेल," ते म्हणाले. "हा गावाचा आहे, असं कदाचित लिहिलेलं होतं. किंवा गावाला वाहिलेला आहे, असं. ते शेवटच्या अक्षरावर होतं. ते अक्षर दगडावरून यंत्रानं खाल्लं, आणि कागदावर उरलं होतं ते तुम्ही धुऊन टाकलंत."

मग म्हाताऱ्याने विचारलं, "तुम्ही ठसा घेतलात तेव्हा काय होतं?"

"मला वाटतं 'स' होता. पण मला काय, काहीही वाटतं."

"म्हणजे कुणाचा?"

"गावाचा."

"मग सांगा ना तसं!"

"मला खात्री नाही!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला, आणि तोही नेमका हे कबूल करायला. "त्या पोरीनं आठ महिने तेवढंच विचारलंय आणि मला तेवढंच सांगता येत नाही. पण ती चोर नाही, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. ते मी लिहिणार. दगड इथे आहे, तेही लिहावं लागेल. ठसा भिजवायला दगड लागतो, त्याशिवाय कुणाचा विश्वास बसणार नाही."

"मास्तर, विचार करा," फादर म्हणाले. "तुम्हाला याच गावात राहायचंय."

मास्तरांनी मान हलवली. तेवढाच विचार ते केव्हापासून करत होते.

६

उत्तर लिहायला सकाळ पुरली. ओर्सोला विचारत होती तेवढंच लिहिलं असतं तर एका ओळीत झालं असतं. पेन्सिलीचा जांभळा रंग, तेलातला चोथा, ओलवायची रीत, घाण्यातला दगड; सगळं क्रमाने. समितीसाठी वेगळं निवेदन, खाली सही; तेही ओर्सोलाच्याच लखोट्यात जाणार होतं. मग एक परिच्छेद त्यांनी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा तसाच ठेवला: "शेवटचं अक्षर मला 'स' वाटलं होतं. शपथेवर सांगू शकत नाही. दगडावर ते आता नाही. तुला आणि मास्त्रांजेलोला दोघांनाही तारा ठेवावा लागेल. मी हे मार्चमध्येच लिहायला हवं होतं."

दुपारी एलीजिओ दारात आला, उभ्या उभ्या निवेदन वाचलं, मास्तरांच्या सहीखाली आपली सही केली आणि गेला. दुसरं कुणी फिरकलं नाही.

पाल्मीराच्या दुकानात गर्दी होती. मास्तर आत गेले तशी ती पातळ झाली.

"एक तिकीट."

"संपली," पाल्मीरा म्हणाली.

काचेखाली तिकिटांचा ताव स्पष्ट दिसत होता.

"ती दिसतायत ना?"

"ती दुसऱ्या कुणासाठी ठेवलीयेत." तिचे डोळे लाल होते. "मला नका लावू हे करायला, मास्तर. दुसऱ्या कुणाकडनं घ्या. मी तुमच्या अंगावर ओरडणार नाही, पण माझ्या हातानं नाही देणार."

"बरं," मास्तर म्हणाले. ते चौकात जाऊन बसची वाट बघत उभे राहिले. ओळखीची माणसं समोरून गेली. कुणी टोपीला हात लावला, कुणी नाही.

बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. बस सुटता सुटता एलीजिओ चढला आणि त्या जागेवर बसला. खालचं गाव जवळ येईपर्यंत दोघे खिडकीबाहेर बघत राहिले. कुरणं पिवळी पडली होती, वरच्या उतारावर मेंढ्या.

"समितीपुढे मी जाईन," एलीजिओ शेवटी म्हणाला. "कागदावर सही केली म्हणजे झालं नाही. तोंडानं सांगतो."

"दगड नेतील."

"नेतील. किंवा नाही नेणार. तिला म्हणावं, नेताना तू हजर राहा. ती निदान आमच्या म्हाताऱ्यांना विचारते, कुठं ठेवायचा म्हणून."

मास्तरांनी लखोटा पुन्हा उघडावा का असा विचार केला. मग पाठीमागच्या कोऱ्या बाजूवरच, बस डुलत असताना, वाकड्यातिकड्या अक्षरांत एलीजिओचं वाक्य लिहून टाकलं.

खालच्या गावात तिकीट मिळालं. लाल पेटीला दोन फटी होत्या, एक शहरासाठी, दुसरी बाकी सगळ्या ठिकाणांसाठी. मास्तर लखोटा हातात धरून दोन्हींकडे बघत राहिले. ओर्सोला आता आईकडे राहत होती. ते गाव शहरात धरायचं की नाही? चुकीच्या फटीत पडलं तर? त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला.

"दुसरी, मास्तर," एलीजिओ म्हणाला. "उजवीकडची."

मास्तरांनी लखोटा उजवीकडे लोटला. तो अर्ध्यात अडकला. एलीजिओने तळव्याने एक ठोसा दिला, तसा तो आत गेला.